हल्ल्याचे शब्द आणि चिंचहोळचा कर

बेळगाव, रविवार, १७ मे १९२५

कॅप्टनसाहेबांनी पुस्तक परत दिलं. फेकलं नाही, हातात दिलं, एवढंच समाधान.

कॅम्पात नवे रंगरूट येतात. त्यांना जुजबी इंग्रजी शिकवायला साहेबांना एक पुस्तक हवं आहे, आणि ते मी सहा वर्षं खपून लिहून ठेवलेलं आहे. हल्ला आणि विरोध या विषयांवरचे यच्चयावत इंग्रजी शब्द, त्यांचे मराठी अर्थ, आणि प्रत्येकाला एक उदाहरण. हे पास झालं तर छापलं जाईल आणि मुखपृष्ठावर लिहिलेलं असेल: उपेंद्र अनंत हुदलीकर, इंग्रजीचे शिक्षक. हे मी कागदावर लिहून कितीदा लांबून बघितलं आहे ते कुणाला सांगण्यासारखं नाही.

साहेब मोडक्या हिंदुस्थानीत म्हणाले, "मास्टर, मतलब सब ठीक है. लेकिन तुमने जिंदगी में किसी को थप्पड भी नहीं मारा." मी खरं ते सांगितलं, "नो सर." मग त्यांनी माझी उदाहरणं मोठ्याने वाचली. 'अटॅक' म्हणजे हल्ला: मांजराने दुधावर हल्ला केला. 'सीज' म्हणजे वेढा: दिवाळीत पाहुण्यांनी आमच्या घराला वेढा घातला. साहेब इतके हसले की चहा पाटलोणीवर सांडला. 'डिफाय' म्हणजे न जुमानणे, त्यापुढे उदाहरणाची जागा कोरी होती, कारण मला सुचलंच नव्हतं. तिथे त्यांनी तांबड्या पेन्सिलीने फुली मारली. जूनअखेर मुदत दिली आहे. डोळ्यांनी पाहिलेली उदाहरणं आणा म्हणाले.

घरी सांगितलं तर सौ. म्हणते, "शेजारच्या बेबीचं मांजर अंगणात आलं की तुम्ही पाटावर चढता. तुम्हाला हल्ला दाखवणार कोण?"

मला दाखवणारे आहेत. चिंचहोळ हे कोगनोळीच्या अलीकडचं गाव. मामांच्या रानाचा वाटेकरी भावकू तिथलाच. बेंदराला तिथली वरची गल्ली आणि खालची गल्ली एकमेकांची डोकी फोडतात असं मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. शाळेला सुट्टी आहे. जातो.

चिंचहोळ, बुधवार, २० मे

मोटारीने कोगनोळीपर्यंत, तिथून भावकूच्या गाडीतून. पाठीची सालं निघाली. भावकू आप्पा सत्तरीचा असावा, पण बैलांशी सारखा बोलत असतो आणि माणसांशी अधूनमधून. गूळपाणी झाल्यावर मी येण्याचं कारण सांगितलं.

"भांडाण? ते आवंदा मोडलं की वो मास्तर. दोन्ही गल्ल्या परवा एका पंगतीला जेवल्या."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. का मोडलं म्हणून विचारलं.

"गुणाबाईपायी."

हकिकत अशी आहे. ज्येष्ठी पौर्णिमेला बेंदूर. त्या संध्याकाळी वेशीच्या दोन खांबांना कर बांधतात, म्हणजे अंबाडीचा जाड दोर, आंब्याची पानं आणि नारळ ओवलेला. रंगवलेला बैल वेशीतून येतो आणि छातीने कर तोडतो. हा मान गुणाबाईच्या घराचा, आणि मानाबरोबर तळ्याखालचा रानाचा एक तुकडा. तिचा नवरा जोतिबा दोन वर्षांपूर्वी वारला. तेव्हापासून भरमा पाटील म्हणतो, बाईच्या हातात कासरा चालणार नाही; आणि दोन्ही वर्षं पाटलाच्या बैलाने कर तोडला. सलग तिसऱ्या वर्षी मान चुकला की मान आणि रान दोन्ही पाटलाकडे जाणार. आणखी एक खोच अशी, की मारामारीत तुटलेला कर धरत नाहीत, आणि ते वर्षही गुणाबाईच्याच नावावर चुकलेलं मांडतात. तेव्हा दोन्ही गल्ल्यांनी ठरवलं की यंदा कुणी कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही.

बाईची मला कीव आली. परंतु माझ्या पुस्तकाशी याचा काही संबंध नाही.

संध्याकाळी भावकूच्या अंगणात माणसं जमली, माझ्या निराशेचा विचार करायला. वरच्या गल्लीचा शामू, मानेला पैलवान, आवाजाला पिपाणी, म्हणाला, "पावणा यवढ्या लांबनं भांडाण बघाय आलाय आन तसाच माघारी जाणार? गावाची अब्रू काय ऱ्हाईल?" यावर सगळ्यांनी माना हलवल्या. पाहुण्यासाठी भांडण करायचं ठरलं. पौर्णिमेच्या आधी उरकायचं, म्हणजे सणाला अडचण नको.

गुणाबाई कडेला बसली होती. चाळिशीची, काटक, डोक्यावरचा पदर एकदाही न सावरता बसणारी. तिने विचारलं, "मास्तर, तुमच्या बुकात हल्ल्याचं किती परकार हाईत?" मी सांगितले. ती म्हणाली, "पुन्यांदा सांगा. दमानं." अशा आडगावात ज्ञानाची ही तहान बघून मला भरून आलं.

शुक्रवार, २२ मे

आज अटॅक. मी फरक समजावून दिला: अटॅक लांबूनही करता येतो, नुसत्या जिभेनेही, असॉल्ट मात्र अंगावर. असॉल्ट नको असं एकमताने ठरलं.

वरची गल्ली कडब्याच्या पेंढ्या घेऊन निघाली. शामूने कोपऱ्यावरून आरोळी ठोकली, "आलो रं!" खालच्या गल्लीतून उत्तर आलं, "थांबा वाईच, म्हशीची धार काढाय लागलोय." हल्ला थांबला. म्हैस मारकी निघाली, त्यामुळे बराच वेळ थांबला. मग धार काढून झाल्याचं ओरडून सांगितल्यावर हल्ला झाला. त्यात एका म्हाताऱ्याचं मुंडासं पडलं, तर हल्ला करणाऱ्यांनीच ते उचललं, झटकलं आणि त्याला बांधून दिलं. मग दोन्हीकडच्यांनी मिळून धारोष्ण दूध घेतलं.

उदाहरण लिहिलं, पण साहेबांना पटेल का? गुणाबाईलाही पटलं नाही. "ह्यो काय उपेगाचा न्हाय," म्हणाली, "दुसरा दावा."

रविवार, २४ मे

सीज. मारुतीच्या देवळात मी, भावकू आप्पा आणि खालच्या गल्लीचे काहीजण. बाहेर वरची गल्ली वेढा घालून. अर्धा दिवस छान गेला. दुपारी वेढ्यातून भाकरी, झुणका आणि ताक आत आलं.

मी हरकत घेतली. वेढ्यात अन्न तोडतात, हा त्याचा प्राणच आहे. बाहेर खळबळ उडाली. शामू दाराशी येऊन म्हणाला, "पावण्याला उपाशी ठेवायचं? मग तसला सबूद बुकातनं काढून टाका." बराच खल झाला. शेवटी तडजोड निघाली: भाकरी-झुणका येईल, ताक तोडण्यात येईल. मी मान्य केलं. उन्हाळ्यात ताक तोडणं ही काही थोडी सजा नव्हे.

वेढा उठल्यावर गुणाबाईने मला ओसरीवर गाठलं. "वेढ्यात आतल्याला भायर येता येत न्हाय, व्हय?"

"नाही येत."

"आन कुणाच्या अंगाला हात न लावता?"

मी सांगितलं की शुद्ध वेढ्यात हात लावावा लागत नाही. नुसतं वाटेत उभं राहिलं तरी पुरतं. ती फार खूश झाली. मला पेज दिली. असे विद्यार्थी आमच्या शाळेत का मिळत नाहीत?

बुधवार, २७ मे

डावा गुडघा दुखतो आहे, म्हणून थोडक्यात. अँबुश, म्हणजे दबा धरून घातलेला छापा. ओढ्याकाठच्या उसात दबा धरायला अख्खा गाव गेला, आणि मग लक्षात आलं की ज्याच्यावर छापा घालायचा असं बाहेर कुणीच उरलं नाही. ते काम माझ्याकडे आलं. मी छत्री घेऊन वाटेने निघालो. मनात शब्दाची फोड करीत चाललो होतो, त्यात छाप्याचा विसरच पडला. उसातून शंभर माणसं "हाऽऽ" करून उठली, तेव्हा मी छत्री टाकून पळालो आणि ओढ्यात पडलो. आता या शब्दाचा अर्थ मला कुणी विचारू नये.

मला बाहेर काढत असताना भरमा पाटील घोडीवरून आला. उंच, मिशीला तूप लावल्यासारखी चमक. चाललंय काय म्हणून विचारलं. मी चिखलातूनच पुस्तकाचा हेतू सांगितला. तो मनापासून हसला. "शिकवा, शिकवा. गावाला तर दुसरं काम न्हाय," म्हणाला, आणि गेला. मोकळ्या मनाचा गृहस्थ वाटला.

शनिवार, ३० मे

फेंट: हुलकावणी. एकीकडे गलका करायचा आणि काम दुसरीकडे उरकायचं. गावकऱ्यांनी ही तालीम पाटलाच्या घरामागच्या परड्यात केली. मी विचारलं, तिथंच का? शामू म्हणाला, "जागा लई मोठी हाय." मागे गलका झाला की पाटलाचे चारी गडी पुढचं दार टाकून मागे धावत, आणि बघून हसत परत येत. तिसऱ्या खेपेला ते धावत गेले, पण हसले नाहीत, कंटाळले असावेत. भावकू आप्पा म्हणाला, "बास. सनादिशी तेंच्या पायाला आपसूक सवं लागलेली आसंल." कसली सवय ते मी विचारलं नाही, कारण तो लगेच बैलांशी बोलायला लागला.

पाटलीणबाईंनी मला ताक प्यायला बोलावलं. मालुबाई नाव. ठुशी, नथ, आणि हळू बोलणं. वाटी माझ्यापुढे सारून म्हणाल्या, "मास्तर, घरच्याच माणसानं वाट आडवली तर इंग्रजीत त्येला काय म्हंत्यात?"

मी आठवून पाहिलं. शत्रूसाठी शब्द आहेत, शेजाऱ्यासाठी आहेत, बंडखोर रयतेसाठीही आहेत. घरच्या माणसासाठी खास असा नाही, म्हटलं.

"मग ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "बिननावाचं बी चालतंय."

बायका फावल्या वेळात कशाचा विचार करीत असतात ते देव जाणे.

मंगळवार, २ जून

आज बायकांनी आपणहून शिकायला बोलावलं. वेशीजवळ, वडाखाली. शब्द ऑब्स्ट्रक्ट: वाट अडवणं. पाटलाच्या घराकडून येणारी वाट वडापाशी वेशीला मिळते. वाटेच्या एका अंगाला वड आणि दुसऱ्या अंगाला मारुतीच्या देवळाचा दगडी खांब. मी बोलत असताना बायका वाट सुताने मोजत होत्या. एकीने वडापाशी सूत धरायचं, दुसरीने खांबापर्यंत न्यायचं. पौर्णिमेला वटसावित्रीचं व्रतही आहे, तेव्हा पूजेच्या सुताची ही तयारी असणार. सूत मात्र मला पुष्कळच वाटलं. इथल्या बायका फार भाविक.

गुणाबाई त्यांच्यात नव्हती. विधवेला वडाचं सूत नाही. ती ओढ्यावर आपल्या बैलाला घासत बसली होती. सोन्या नाव त्याचं, पांढरा, कपाळावर तांबूस ठिपका. घासताना त्याला ती काहीतरी सांगत होती. मला उगाच वाईट वाटलं. मी तिच्याशी दोन शब्द बोलायला गेलो, तर बैलाने माझ्या छत्रीला तोंड लावलं आणि मी परत आलो.

शुक्रवार, ५ जून

शिंगं रंगवून झाली. पाटलाच्या बैलाला हिंगूळ आणि झूल, सोन्याला नुसता काव. मी शामूला विचारलं, उद्या काय दाखवणार? म्हणाला, "उद्या भांडाण न्हाय मास्तर. उद्या सण. तुमी नुसतं वेशीच्या कट्ट्यावर बसायचं." बरं झालं. गुडघा अजून सुजलेला आहे.

शनिवार, ६ जून, पौर्णिमा

पुस्तकाच्या कामाचं आज काही घडलं नाही. तरी लिहून ठेवतो.

सकाळी बायकांनी वड पुजला आणि त्या घरी गेल्या. दुपार कलल्यावर वेशीला कर बांधला, हलगीवाल्या मष्णूने हलगी सुरू केली, आणि बघतो तो सगळ्या बायका सूत घेऊन पुन्हा वडाशी. वरच्या गल्लीच्या, खालच्या गल्लीच्या, नटूनथटून. पुढे मालुबाई. मी कट्ट्यावरून विचारलं, सकाळी झालं ना?

"सकाळी सात जन्मांचं झालं," मालुबाई म्हणाल्या. "आता आठव्याचं."

आठवा जन्म मी कुठे वाचलेला नाही. पण त्या फेऱ्या घालू लागल्या, आणि फेऱ्या नुसत्या वडाला नव्हत्या. वडापासून देवळाच्या खांबापर्यंत, खांबाला वळसा, परत वडाकडे. थोड्या वेळात पाटलाच्या वाटेवर गुडघ्यापासून खांद्यापर्यंत पांढरं सूतच सूत झालं. कोष्ट्याच्या मागासारखं.

तेवढ्यात पाटलाचा बैल आला. झुलीखाली फुरफुरत, चार गडी धरून, मागे पाटील. सुतापाशी गडी थांबले. पाटील ओरडला, "तोडा!" गड्यांनी एकमेकांकडे बघितलं. सवाष्णीच्या व्रताचं सूत तोडायचं म्हणजे तिच्या नवऱ्यावर काय येईल याचा ज्याने त्याने विचार केला असावा. चौघांच्याही बायका फेऱ्यांत होत्या.

पाटील पुढे आला. सुताचं टोक मालुबाईंच्या मुठीत होतं.

"मालू, सोड सूत."

"कसं सोडू?" त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच हळू. "तुमच्याच आयुष्याचं हाय."

पाटलाने हात उचलला, आणि तो हात सुतापासून वीतभर अंतरावर राहिला. एवढा धिप्पाड माणूस, पण तो हात पुढे जाईना आणि मागेही येईना. बायका फिरतच होत्या. एकीने त्याला, "दादा, वाईच सरका," असंही म्हटलं, आणि तो सरकला.

तेव्हाच पाटलाच्या घरामागे मोठा गलका उठला. चारी गडी बैल तिथेच टाकून मागे धावले. त्यांना कुणी सांगितलंही नव्हतं. बैल एकटा राहिला आणि सुतातलं फूल खायला लागला.

मग ओढ्याकडून गुणाबाई आली. कासरा तिच्या हातात. दुसऱ्या घरांचे बैल पळवत आणतात, हिने चालवत आणला. हलगी थांबली. तिचा पाय कुठे अडखळला नाही. वेशीपाशी ती क्षणभर उभी राहिली, सोन्याच्या मानेवर हात ठेवला आणि म्हणाली, "चल बाबा, मालकाचं काम हाय." बैलाने छाती घातली आणि कर तट्कन तुटला. नारळ माझ्या पायाशी येऊन पडला.

मोठ्या माणसांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माझ्याही वाहिलं. कुणी कुणाला बोटही लावलं नाही. हल्ला नाही, मारामारी नाही. सगळा सुट्टीचा दिवस पुस्तकाच्या दृष्टीने फुकट गेला, पण मन प्रसन्न आहे.

रविवार, ७ जून

संध्याकाळी पाटील भावकूच्या दारी आला. माझ्याकडे. चिकोडीचे फौजदार उद्या येणार आहेत. पाटलाने फिर्याद दिली आहे: गावाने पंधरा दिवस हल्ल्याची तालीम केली, त्याच्या घरावर चाल केली, वाट अडवली, दंगा केला. दंगा ठरला की कर बाद. कर बाद झाला की तिसरं वर्ष.

"तुमी नुसतं 'दंगा' म्हना," पाटील म्हणाला. "माझा साडू कॅम्पात घोड्यांचा चारा पुरवतो. साहेबाची त्येच्यावर लई मर्जी. तुमचं बुक छापून आल्यालं समजा."

तो गेल्यावर मी मुखपृष्ठाचा कागद काढून पुन्हा लांबून बघितला. उपेंद्र अनंत हुदलीकर. किती सुबक दिसतं.

सोमवार, ८ जून

अक्षर आज लागेल तसं लागो.

फौजदार मारुतीच्या देवळापुढे खाटेवर बसले. ज्याला विचारावं तो सांगे, "मास्तरांचा धडा व्हता." शामू म्हणाला, धडा. भावकू आप्पा म्हणाला, धडा. मष्णूही धडा म्हणाला, त्याला तर काही विचारलंही नव्हतं. गुणाबाई नुसती माझ्याकडे बघत होती. मालुबाई बायकांच्या घोळक्यात होत्या. त्यांच्या गालावर काळसर वळ होता आणि नाकात नथ नव्हती. आणि तो वळ पदराने झाकावा, एवढंही त्यांनी केलं नव्हतं.

फौजदार म्हणाले, "मास्तर, तुम्ही शिकलेले आहात. पाटील म्हणतात दंगा, गाव म्हणतं धडा. तुम्ही एक शब्द सांगा, मी तोच लिहितो."

काष्टा सुटतो की काय असं वाटत होतं. पाटील फौजदारांच्या मागे उभा होता आणि मिशी चोळत होता. खरं तर मला सगळं नीट सांगता आलं असतं: अमुक दिवशी हा शब्द, तमुक दिवशी तो, आणि पौर्णिमेच्या सुताचं मला काही ठाऊक नाही. ते खरंही होतं.

"धडा," मी म्हणालो.

"आणि ते सूत?"

"तेही धड्यातच. ऑब्स्ट्रक्ट. मीच सांगितलं होतं तसं करायला."

ही चक्क थाप होती. जन्मात मी सरकारी माणसापुढे खोटं बोललो नव्हतो.

पाटील म्हणाला, "मास्तर, इचार करून बोला. बुक छापायचं ऱ्हाईल तुमचं."

फौजदारांनी त्याला हाताने गप्प केलं आणि मला म्हणाले, "मग गावाला हल्ले शिकवणारा माणूस म्हणून तुमचं नाव वर कळवावं लागेल. कॅम्पातही जाईल ते."

"कळवा," मी म्हणालो.

आवाज माझाच होता, पण कुठून आला ते मला माहीत नाही. फौजदारांनी लिहिलं: दंगा नाही. सही करताना शाईचा मोठा डाग पडला. मी पाटलाकडे बघितलं नाही, इतकी भीती वाटत होती. मग देवळामागे जाऊन काष्टा घट्ट खोचला.

आता विचार करतो, असं का झालं? भित्रेपणाच, दुसरं काय. घाबरला की माणूस काहीही बोलून जातो. सहा वर्षांचं काम एका शब्दात घालवलं.

निघताना गुणाबाई गाडीपाशी आली. तुटलेल्या कराचे धागे गावकरी गोठ्याला बांधायला नेतात. त्यातला एक तिने माझ्या छत्रीच्या मुठीला बांधला. म्हणाली, "तुमास्नी गोठा न्हाय, तर छत्रीला. काय तरी राखंल."

बेळगाव, रविवार, २१ जून

कॅप्टनसाहेबांनी काल बोलावून पुस्तक परत दिलं. या खेपेला हसले नाहीत. उदाहरणं फर्स्ट क्लास म्हणाले, उसातला छापा तर डोळ्यांपुढे दिसतो. पण पोलिसांनी नाव कळवलेल्या माणसाचं पुस्तक रंगरुटांना लावता येत नाही. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी कॅम्पातून घरापर्यंत चालत आलो आणि वाटेत दोनदा डोळे पुसले. मुखपृष्ठाचा कागद चुलीत घातला.

आज भावकू आप्पा गुळाची ढेप घेऊन आला होता. गुणाबाईने तळ्याखालच्या तुकड्यात भात पेरला म्हणे. पाटील मालुबाईंशी अजून बोलत नाही. "मालूआक्का म्हंती, लई निवांत हाय," असं सांगून तो हसला. मग त्याने फौजदारांपुढची हकिकत सौ.ला सांगितली, आणि बरीच तिखटमीठ लावून सांगितली.

तो गेल्यावर सौ.ने विचारलं, "तुम्ही असं बोललात?"

मी म्हटलं, घाबरून गेलो होतो गं. जेवताना तिने न मागता दुसऱ्यांदा तूप वाढलं. कारण कळलं नाही.

दुपारी बेबीचं मांजर आलं तेव्हा पुस्तक चाळत होतो. पाटावर चढण्याचं लक्षात राहिलं नाही. पान उलटत होतो. सगळ्या शब्दांपुढे आता उदाहरणं आहेत, एक डिफाय तेवढा अजून कोरा. तिथली तांबडी फुली तशीच आहे. चिंचहोळला इतके दिवस राहिलो, इतकं बघितलं, पण न जुमानणारं माणूस एकही भेटलं नाही. आपल्याकडची माणसं मुळात गरीब स्वभावाची. हा शब्द आपल्याकडे लागत नाही असं दिसतं. मी त्यावर आडवी रेघ मारली आणि तो पुस्तकातून काढून टाकला.